तुंगक्काचा उपास

बाळेकेरीत सगळ्यांना ठाऊक होतं की सुब्राय हेगडे बायकोला विचारल्याशिवाय सिद्दापूरच्या बाजारातून सुईदेखील आणत नाही. लोक त्यावरून त्याची थट्टाही करत. पण त्याने भवानक्काची म्हैस लिलावात घेतली, तेव्हा ही गोष्ट एकालाही आठवली नाही. सगळा गाव त्याच्या नावाने थुंकला. त्याची बायको तुंगा हे सगळं घरात बसून ऐकत होती, आणि तिने तोंड उघडलं नाही.

त्या वर्षी गावाने सरकारला सारा भरायचा नाही असं ठरवलं होतं. मार्गशीर्षात गणपतीच्या देवळात सगळे जमले. एकेकाने देवापुढे सुपारी ठेवली आणि शपथ घेतली, की सारा भरणार नाही, आणि सरकारने कोणाची चीजवस्तू जप्त केली तर तिला हात लावणार नाही. सुब्रायनेही सुपारी ठेवली. मागे बायकांच्या घोळक्यात तुंगा होती, तिनेही हात जोडले. आठ दिवसांत पोलीस आले आणि गणपय्या भटांना धरून घेऊन गेले, कारण देवळात भाषण त्यांनी केलं होतं. त्यांना बेळगावच्या जेलात टाकलं. महिनाभराने कारकून चार शिपाई घेऊन त्यांच्या घरी जप्तीला आला. तांब्याचे हंडे गेले, समया गेल्या, रिकामा पाळणासुद्धा गेला. सगळ्यात शेवटी गोठ्यातून बेळ्ळीला बाहेर काढलं. बेळ्ळी म्हणजे चांदी. कपाळावर चांदीच्या रुपयाएवढा पांढरा ठिपका, म्हणून ते नाव.

गणपय्यांची बायको भवानक्का अंगणात उभी होती. शिपायाला म्हणाली, "दावं ओढू नकोस, बाबा. सैल सोड. ती आपणहून येते. आणि रेडकू पुढे घे, नाहीतर ती पाय उचलणार नाही." एवढं सांगून ती आत निघून गेली.

हेगड्यांचं आणि भटांचं घर जवळजवळ. मधे फक्त पोफळीची बाग आणि एक पाण्याचा पाट. हेगड्यांच्या गोठ्यात दोन गाई होत्या, पण दोघींचं मिळून दूध फुलपात्राच्या वर जात नसे. तुंगा लग्न होऊन आली त्याला तेरा वर्षं झाली होती, आणि तेरा वर्षं भवानक्काने रोज सकाळी तिच्याकडे तांब्याभर ताक पाठवलं होतं. वर लोण्याचा गोळा तरंगत असायचा. त्यात एक दिवस खंड नाही, आणि कधी बोलून दाखवणं नाही. फक्त एकदा, कोणाच्या तरी मुंजीच्या पंगतीत, एका बाईने तुंगाच्या हातच्या कढीची तारीफ केली. त्यावर भवानक्का हसत म्हणाली, "होणारच की चांगली. ताक आमच्या बेळ्ळीचं आहे." सगळ्या हसल्या. तुंगाही हसली. पण ते वाक्य तिच्या मनात कुसळासारखं रुतलं ते रुतलंच. त्यानंतर सकाळी तांब्या आला की तिला वाटायचं, परत पाठवावा. पण ताक नसलं तर घरातलं कोणी भातावरून उठायला तयार नसे.

माघ सरत आला होता. शेवटची सुपारी सोलायला नवरा-बायको पडवीत बसली होती.

"बेळ्ळीचा लिलाव सोमवारी आहे म्हणे," तुंगा म्हणाली.

"असेल."

"खाटीक येणार आहे म्हणतात, घाटाखालून."

सुब्रायचा हात थांबला. "कोण म्हणतं?"

"सगळेच." कोणीच म्हणत नव्हतं. ती गोष्ट तुंगाला तिथे बसल्या बसल्या सुचली होती.

"आपण काय करणार? शपथ घेतलीय."

"म्हैस खाटकाला द्यायची अशी शपथ घेतली होती का?"

"तसं नाही. पण लोक तोंडात शेण घालतील."

"घालू देत. आपण काय स्वतःसाठी घेतोय? गणपय्या सुटून आले की देऊन टाकू. तोवर भवानक्काच्या डोळ्यांसमोर तरी राहील."

सुब्राय बराच वेळ सुपारी सोलत राहिला. मग म्हणाला, "नक्की परत द्यायची ना?"

"मग काय तर."

हे म्हणताना तुंगाच्या डोळ्यांसमोर दुसरंच चित्र होतं. बेळ्ळी आपल्या गोठ्यात बांधलेली आहे, आपण ताक घुसळतो आहोत, आणि तांब्या भरून, वर लोण्याचा गोळा ठेवून भवानक्काकडे पाठवतो आहोत.

सोमवारी कचेरीच्या आवारात बोली लावणारा सुब्राय एकटाच होता. अकरा रुपयांत म्हैस रेडकासकट त्याची झाली. तो तिला घेऊन गावात शिरला तेव्हा दुपार होती. लोक ओट्यांवर उभे होते आणि एकजणही बोलला नाही. घरी आल्यावर बेळ्ळीला बांधून तो हातपाय धुवायला गेला. पंच्याला हात पुसता पुसता म्हणाला, "खाटीक कोणी आला नव्हता."

"नसेल आला," तुंगा म्हणाली.

त्याने तिच्याकडे एकदा पाहिलं. पुन्हा तो विषय त्याने काढला नाही.

बुधवारी सकाळी भवानक्का आली आणि हेगड्यांच्या पायरीवर बसली. तुंगाने सवयीने पाट आणून टाकला. भवानक्काने तो हळूच बाजूला सारला.

"तू आत जा, तुंगा. माझं तुझ्याशी काही नाही. सुब्रायाला बोलाव."

सुब्राय बाहेर आला.

"सुब्राया, तू लहान होतास तेव्हापासून तुला बघतेय. तू दुष्ट नाहीस. पण देवापुढे सुपारी ठेवून तू ती उचलून खाल्लीस. बेळ्ळी माझ्या गोठ्यात परत बांध आणि चार माणसांत म्हण की चुकलो. तोवर मी या पायरीवरून उठणार नाही आणि अन्न तोंडात घालणार नाही."

"अक्का, सरकार पुन्हा नेईल तिला."

"नेऊ दे. सरकारने नेली तर ती चोरी. तू ठेवलीस तर काय म्हणायचं त्याला?"

सुब्रायने मान खाली घातली. त्याची नजर एकदा दाराकडे गेली. दारात तुंगा होती. ती बोलेल म्हणून तो थांबला होता की काय कोण जाणे. तुंगा पदर सावरत आत वळली. तो मागच्या दाराने बागेत निघून गेला, आणि त्या दिवसापासून मागच्याच दाराने येऊ-जाऊ लागला.

दुपारपर्यंत गावातल्या पाच-सहा बायका टकळ्या घेऊन पायरीजवळ येऊन बसल्या. शाळामास्तरांची बायको कमळाक्षी त्यांच्यात सगळ्यात लहान आणि सगळ्यात बोलकी. ती गाणी सांगायची आणि बाकीच्या म्हणायच्या. तुंगाला स्वयंपाक करायचा होता. फोडणी दिली तर वास बाहेर जाणार, म्हणून तिने चूल पेटवलीच नाही. नवऱ्याला बागेत कालचा भात नेऊन दिला. स्वतः कोठीच्या खोलीत दार ओढून, पोत्याला टेकून, आदल्या दिवशीची घावनं गुळाशी खाल्ली. चावताना आवाज होऊ नये म्हणून ती घास तोंडात धरून ठेवत होती. बाहेर बायका गात होत्या. तीन घावनं तिने तशी संपवली. पुढे आयुष्यात पुष्कळ गोष्टी ती विसरली, पण गुळाची ती चव विसरली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा धार काढायला बसली. बेळ्ळी अजूनही परक्या हाताला पान्हा सोडीना. लाथा झाडायची, हंबरायची. कास तटतटली होती. ती ओरडत राहिली तशी बाहेरून भवानक्काचा आवाज आला. एका दिवसात तो बारीक झाला होता.

"तुंगा, तिला नावाने हाक मारून बोल. मानेखाली खाजव आणि बोलत राहा. मुक्याने धार काढू देत नाही ती. तिला कशाला त्रास?"

तुंगाने तसं केलं. बेळ्ळीने पान्हा सोडला. चरवी भरत गेली आणि तुंगाला वर बघवेना. आत गेल्यावर ते दूध तिला तापवता येईना, कोणाला देता येईना, ठेवता येईना. शेवटी तिने ते मागच्या बाजूला नेऊन पोफळीच्या मुळाशी ओतलं. त्या दिवसापासून रेडकाला दूध प्यायला मोकळं सोडलं.

त्याच दुपारी कमळाक्षी पाणी मागायला आत आली. तिने थंड चूल पाहिली. वैलावरची राख तशीच होती, भांडी पालथी होती. तुंगा कोपऱ्यात बसली होती, चेहरा ओढलेला.

"तुंगक्का," कमळाक्षी हळूच म्हणाली, "तुम्हीपण?"

तुंगाला प्रश्न कळला. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. ती गप्प बसली.

कमळाक्षीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने वाकून तुंगाच्या पायांना हात लावला आणि धावत बाहेर गेली. घटकाभरात बाहेरच्या गाण्यात तुंगाचं नाव आलं. संध्याकाळी शेजारच्या दोन गावांतून बायका आल्या. त्या पायरीवर भवानक्काला नमस्कार करत आणि मग आत येऊन तुंगालाही करत. एक म्हातारी म्हणाली, "बाहेरच्या माणसाशी भांडणं सोपं असतं, पोरी. तू कुंकवाशी भांडतेस." तुंगाने आता खरोखरच अन्न सोडलं होतं. सोडलं म्हणण्यापेक्षा आता तिला खाण्याची सोयच उरली नव्हती.

शुक्रवारी सुब्राय घरी आला तेव्हा दिवेलागण व्हायची होती. तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर टेकला. बागेतून येताना बायकांनी त्याला गाठून काय काय सुनावलं होतं ते आतपर्यंत ऐकू आलं होतं. बायको उपाशी मरतेय आणि हा म्हशीच्या शेपटीला धरून बसलाय, असं कोणी म्हणालं होतं.

"तू उपास धरलास म्हणे," तो म्हणाला.

तुंगा पालथी भांडी पुन्हा पुसून ठेवू लागली.

"बरं केलंस." त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. तेच तिला सोसेना. "दोघांतल्या एकाचं तरी नाव राहिलं."

"मी सांगते त्यांना. आत्ता जाऊन सांगते."

"काय सांगणार? आता सांगून दोघांचंही जाईल. गप्प राहा."

तिने गप्प राहायचं ठरवलं. खरं म्हणजे तिला गप्पच राहायचं होतं. नवऱ्याने ते तिला सोपं करून दिलं, एवढंच. 'सांगते' म्हणाली तेव्हाही ती जागची हलली नव्हती.

शनिवारी सकाळी, भर उजेडात, सुब्रायने बेळ्ळीला सोडलं. मागच्या वाटेने नेली असती तर शंभर पावलांत भटांचा गोठा होता. पण तो तिला पुढच्या अंगणातून, देवळावरून, सगळ्या गावातून फिरवून घेऊन गेला. भटांच्या गोठ्यात बांधून परत आला आणि भवानक्कासमोर आडवा पडला.

"अक्का, मला लोभ सुटला," तो म्हणाला. "माझी मती फिरली. घरात कोणाला विचारलं नाही मी."

शेवटचं वाक्य त्याला कोणी विचारलं नव्हतं.

बायकांनी पेज आणवली. कमळाक्षीचा हट्ट, की दोघींनी एकमेकींच्या हाताने उपास सोडायचा. तुंगाला आधार देऊन बाहेर आणलं आणि पायरीवर भवानक्काशेजारी बसवलं. भवानक्काचे ओठ सुकून फुटले होते. तरी तिने पेजेचा पहिला घोट आधी तुंगाला पाजला. म्हणाली, "मला वाटलं होतं मी एकटी आहे." तुंगाने तो घोट गिळला. मग भवानक्काच्या तोंडाशी वाटी नेताना तिच्या हातून थोडी पेज सांडली, तेव्हा बायका म्हणाल्या, किती अशक्त झालीय बिचारी.

पुढच्या पंधरवड्यात सरकारने बेळ्ळी पुन्हा नेली आणि घाटाखाली विकली. सुब्रायकडे साऱ्याची शेवटची नोटीस आली. त्याने ती फाडली आणि मामलेदार कचेरीसमोर उभं राहून सांगितलं की भरत नाही. त्याला सहा महिन्यांची सजा झाली, खालचं भातशेत गेलं. जेलातून तो खोकला घेऊन परत आला, आणि तो खोकला त्याचा कधी सुटला नाही. जेलात गेलेल्या इतरांना गावाने वाजतगाजत आणलं. सुब्राय गाडीतून उतरून चालत आला. म्हैस-सुब्राय हे नाव एव्हाना पक्कं झालं होतं. कोणी वाईट मनाने म्हणत असं नव्हे. तालुक्यात सुब्राय पुष्कळ, कोणता सुब्राय ते सांगावं लागायचं, म्हणून म्हणत. पंगतीत कोणी ताक वाढायला आला की हटकून म्हणायचा, "हेगडे, ताक आपलंच समजा." पंगत हसायची. सुब्रायही हसायचा. तुंगा जेवती असेल तर त्या दिवशी ताक घ्यायची नाही.

आणि तिचा मान वाढत गेला. कोणाच्या घरी सूत कातायचा वर्ग निघाला की दिवा तुंगक्काने लावायचा. नवी नवरी गावात आली की सासू तिला पाया पडायला तुंगाकडे आणायची आणि उपासाची गोष्ट सांगायची. सुरुवातीला तुंगा म्हणायची, "तसं काही नाही हो." ते लोकांना विनय वाटायचा. मग ती काहीच म्हणेनाशी झाली. कधीकधी, खोटं कशाला बोला, ती गोष्ट ऐकताना तिला क्षणभर खरीच वाटायची. नंतर नवऱ्याचा खोकला ऐकू यायचा.

अशी पंधरा वर्षं गेली.

स्वातंत्र्याचा दिवस उजाडला तेव्हा पाऊस भुरभुरत होता. शाळेच्या अंगणात बांबूला झेंडा बांधला होता. तो भवानक्का आणि तुंगक्का, दोघींनी मिळून वर चढवायचा असं मास्तरांनी ठरवलं होतं. गणपय्या चार वर्षांपूर्वी वारले होते. भवानक्काचे केस सगळे पांढरे झाले होते, पण पाठ ताठ होती. आधी मास्तरांनी गावातून जेलात गेलेल्यांची नावं वाचली. सतरा नावं वाचून त्यांनी कागदाची घडी केली. सुब्राय माणसांच्या मागे, भिंतीशी उभा होता. तो टाळ्या वाजवत होता.

"एक राहिलं," तुंगा म्हणाली.

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. "हो, ते... घाईत राहिलं, तुंगक्का."

"घाईत नाही राहिलं. पंधरा वर्षं घाई नव्हती." तिने बांबूला हात टेकला. "ती म्हैस मी घ्यायला लावली. खाटीक येणार हे मी मनचं सांगितलं. ते नको म्हणत होते. आणि उपास मी धरलाच नव्हता. पहिल्या दिवशी कोठीत बसून घावनं खाल्ली. कमळाक्षीने विचारलं तेव्हा मी गप्प बसले, म्हणून तो उपास झाला. ते मला वाचवायला खोटं बोलले, आणि मी वाचले."

तुंगाला वाटलं, आता कोणीतरी थुंकेल, आणि ते तिला हवं होतं.

मग मागून एक आवाज आला, "बघा, हिला म्हणतात पतिव्रता. नवऱ्याचं नाव यादीत यावं म्हणून स्वतःवर घेतेय." कमळाक्षीने डोळ्यांना पदर लावला. कोणीतरी टाळी वाजवली, आणि सगळ्यांनी वाजवली. तुंगा म्हणत राहिली, "अहो, खरं सांगतेय मी." पण टाळ्यांत ते कोणाला ऐकू गेलं नाही. ती जितकं म्हणे तितक्या टाळ्या वाढत होत्या. भिंतीशी सुब्राय उभा होता तिथे आता कोणी नव्हतं.

भवानक्काने टाळी वाजवली नाही. तिने एकटीने दोरी ओढली.

दुपारी ती हेगड्यांकडे आली. पाट टाकला तरी बसली नाही.

"खाटकाचं तू रचलंस?"

"हो."

"का, तुंगा? मी काय केलं होतं तुझं?"

तुंगाने मुंजीच्या पंगतीतलं ते वाक्य सांगितलं. तोंडातून बाहेर पडता पडताच तिला ते इतकं क्षुल्लक वाटलं, की शेवटचे शब्द तिने गिळले. भवानक्का आठवायचा प्रयत्न करत होती.

"मी असं म्हटलं होतं?" ती म्हणाली. "आठवत नाही गं मला." मग म्हणाली, "मी त्याला नावं ठेवत आले, तुंगा. इतकी वर्षं. समोर आला की तोंड फिरवत आले. माझ्याकडूनही तू ते करवून घेतलंस."

सुब्राय परसात होता. ती त्याच्याकडे गेली. काय बोलली ते तुंगाला ऐकू आलं नाही. फक्त ती वाकताच तो घाईघाईने मागे सरकताना आणि "छे छे, अक्का, असं करू नका" म्हणताना दिसला. तिथून भवानक्का तशीच पावसात शाळेत गेली आणि मास्तरांकडून यादीत अठरावं नाव लिहून घेतलं. मास्तरांनी ते लिहिलं. तुंगाचं म्हणणं त्यांना पटलं की नाही, ते शेवटपर्यंत कळलं नाही. भवानक्का त्यानंतर वर्षभर तुंगाशी बोलली नाही. मग एकदा सुपारीच्या दिवसांत विळा घेऊन आली आणि नेहमीसारखी सोलायला बसली.

झेंड्याच्या त्या दिवशी संध्याकाळी जेवताना सुब्राय म्हणाला होता, "सांगायला नको होतंस."

"का? तुमचं नाव आलं ना यादीत."

"यादीचं काय घेऊन बसलीस." तो भात कालवत राहिला. खोकल्याची उबळ आली, ती जाऊ दिली. "मी जन्मात कोणासाठी काही केलं असेल तर तेवढंच. तुझ्यासाठी. ते मला जड नव्हतं कधी."

तुंगाने त्याच्यापुढे पाण्याचं भांडं सरकवलं. आपण सकाळी जे बोललो ते त्याच्यासाठी होतं की आपल्यासाठी, हे तिने स्वतःला पहिल्यांदाच विचारलं. उत्तर तिला आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो कुदळ घेऊन बागेत गेला, पावसाने बुजलेले चर मोकळे करायला. तिने दुसरी कुदळ घेतली आणि त्याच्या मागोमाग गेली. दुपारपर्यंत दोघांनी चार चर उपसले.